येळवसीचं आवतण

मार्गशीर्ष सरत आला की अणदूरच्या बाजाराला हिरवा रंग चढतो. चुक्याच्या जुड्या, हरभऱ्याचे कोवळे दाणे, तुरीच्या ओल्या शेंगा, वालाच्या पापड्या, पातीचा कांदा, मधेच लालभडक गाजरं. एरवी एका जुडीसाठी भाजीवालीचा जीव काढणाऱ्या बायका या आठवड्यात पिशव्या भरभरून नेतात, कारण हे सगळं एकाच पातेल्यात जायचं असतं. येळवसीची, म्हणजे वेळा अमावस्येची, भज्जी. बाहेरगावच्या माणसाला भज्जी म्हटलं की तेलात तळलेली भजी आठवतात. मग समजावत बसावं लागतं, की बाबा, रानातल्या झाडून साऱ्या भाज्या आणि ओले दाणे बेसनात एकत्र शिजवतात, आणि ते घरात बसून खायचं नसतं, शेतातच खायचं असतं. गेली दोन वर्षं मी या आठवड्यात बाजाराकडं फिरकत नव्हते. भाजी लागलीच तर नळदुर्गाहून आणायची. लोक म्हणायचे, मास्तरीणबाईंना आता गावची भाजी चालत नाही. म्हणू देत.

यंदा मात्र येळवसीच्या आदल्या दुपारी दाराची कडी वाजली. उघडून बघते तर गौराकाकू, सुनेच्या दंडाला धरून उभ्या. गुडघे पार कामातून गेलेले, चार पायऱ्या चढताना दम लागलेला. ‘आत या’ म्हटलं तर आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, “लते, उद्या येळवस हाय. शेताकडं यायचं.”

 मग म्हणाल्या, “तुझे काका दरसाल येत व्हते ना असं सांगाया. ते न्हाईत, तर म्या आले.”

मी ‘येते’ म्हटलं. त्या गेल्या, दार लावलं आणि मी तिथंच खाली बसले. निवृत्तीला एक वर्ष राहिलेली बाई उंबऱ्याशी बसून हुंदके देतेय, हे कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे. पण हेच चार शब्द तीन वर्षांपूर्वी कुणीतरी याच उंबऱ्यावर येऊन बोलायला हवे होते. ज्या बाईनं ते ऐकायला हवे होते, ती आता नाही.

आम्ही अणदूरचे, पण अणदूरच्या मातीतला वीतभर तुकडाही आमचा नाही. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, स्टँडजवळ शिलाईचं दुकान होतं. ‘आपली जमीन म्हणजे मशिनीखालची चार फूट फरशी,’ असं ते हसून सांगायचे. वर्षभर त्यात काही उणं वाटायचं नाही. दिवाळीला शेत लागत नाही, संक्रांतीला लागत नाही. येळवस मात्र शेताशिवाय होतच नाही. त्या दिवशी सगळं गाव उठून रानात जातं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. तलाठी असो, कंडक्टर असो, दवाखान्यातली सिस्टर असो, त्या दिवशी गावात चूल पेटवून कुणी एकट्यानं जेवायचं नाही, असा इकडचा रिवाज.

माझी आई माहेरची परंड्याकडची. तिकडं या सणाचं एवढं प्रस्थ नाही. लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी ती शेजारणीच्या नादानं कुणाच्या तरी शेतात गेली. आप्पा दुकानात होते. पंगत बसली, पान वाढून झालं, आणि त्या घरातली एक बाई पलीकडून म्हणाली, “ही कुणाकडली पावणी म्हणायची? हिला कुणी सांगितलं व्हतं?” त्या बाईनं सहज विचारलं असेल. कदाचित नातं जुळवायलाच विचारलं असेल. पण आईच्या घशात घास अडकला तो अडकलाच. पन्नास वर्षांनंतरही ती हे सांगायची तेव्हा आवाज बदलायचा. त्या दिवसापासून तिनं एक नियम केला: उंबऱ्यावर येऊन कुणी तोंडानं ‘या’ म्हणाल्याशिवाय कुणाच्या शेतात पाय ठेवायचा नाही.

आप्पांनी ही गोष्ट मलप्पाकाकांना सांगितली. मलप्पाकाका म्हणजे आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, गौराकाकूंचे यजमान. गावाच्या पूर्वेला त्यांचं शेत. बैलांशी ते कानडीत बोलायचे, आमच्याशी मराठीत, आणि रागावले की दोन्ही भाषा एकदम सुटायच्या. पुढच्या येळवसीच्या आदल्या दिवशी ते आमच्या घरी आले, आत न येता उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “वहिनी, उद्या सगळ्यांनी शेताकडं यायचं. म्या सांगाया आलोय.” आप्पांना हसू आवरेना. रोज दुकानात मांडीला मांडी लावून बसणारा माणूस पाव्हण्यासारखा दारात उभा. पण आई पडद्याआड उभी होती आणि तिनं ते ऐकलं. मग दरसाल तेच. काका यायचे, बाहेर उभे राहायचे, तेवढंच वाक्य बोलायचे आणि निघून जायचे. त्या एका वाक्यासाठी आई दुपारपासून केस विंचरून तयार असायची.

बोलावलं म्हणून रिकाम्या हातानं जायचं नाही, हा तिचा दुसरा नियम. शेतात कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून छोटीशी कोप करतात. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. कोपीवर शाल किंवा कापड टाकतात आणि मग पूजा. आईनं ठरवलं, मलप्पाकाकांच्या कोपीवरचं फडकं आपलं. आप्पांच्या दुकानातलं वर्षभराचं कातरण ती पिशवीत साठवायची आणि कार्तिकापासून तुकड्याला तुकडा जोडायला घ्यायची. मशिनीवर नाही, हातानं. त्या फडक्यात सगळं गाव असायचं. कुणाच्या लग्नातल्या सफारीचा तुकडा, कुणाच्या पोलक्याचा, शाळेच्या गणवेशाचा खाकी कोपरा, ब्यांडवाल्यांच्या कोटाची लाल पट्टी. पूजेला जमलेल्या बायका आधी देवाकडं न बघता फडक्याकडं बघायच्या. “आगं, ही माझ्या कमळीच्या परकराची किनार,” असं कुणीतरी म्हणायचं, आणि आई नुसती मान हलवायची. तिच्याइतकी तृप्त बाई मी त्या क्षणी दुसरी पाहिली नाही.

माझ्या लहानपणीच्या येळवसी एकमेकींत मिसळून गेल्यात. कुठली कोणत्या वर्षाची ते सांगता येणार नाही. सकाळची थंडी, करडईच्या काट्यांनी ओरबाडलेल्या पिंढऱ्या, डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन बांधावरून चालणाऱ्या गौराकाकू. त्या चालताना कुणाशी बोलायच्या नाहीत आणि आम्हा पोरांना वाटायचं, बोलल्या तर मडकं पडेल. मलप्पाकाका पिकावर आंबील शिंपडत पुढं आणि आम्ही मागं ओरडत. जे ओरडायचो ते अर्धं कानडी होतं, अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, आणि कुणाला विचारावासाही वाटला नाही. नंतर चिंचेखाली पंगत. बाजरीचे उंडे, धपाटे, गव्हाची खीर, आणि दाट, आंबटसर, वाफाळती भज्जी. गौराकाकू पातेल्यात डाव घालायच्या आणि म्हणायच्या, “पयलं पान शकूबाईचं.” शकूबाई म्हणजे माझी आई. नैवेद्यानंतरचं पहिलं पान तिचं, हे इतकी वर्षं चाललं की घरच्या सासुरवाशिणींनीही कधी नाक मुरडलं नाही.

मोठी झाल्यावर मला हे सगळं थोडं बोचायला लागलं, हेही सांगायला हवं. आम्ही त्यांच्याकडं कोण होतो? पाहुणे, तर दरसालचे कसे? घरचे, तर सांगायला का यावं लागायचं? नोकरीला लागल्यावर मी एकदा आईला म्हटलं, “आपण दुसऱ्याच्या शेतात किती वर्षं जेवायचं?” आई म्हणाली, “बोलवत्यात तवर.”  माझा स्वभाव वाकडा, माणसांना तपासून बघायचा. आईचा तसा नव्हता. तिला फक्त ते एक वाक्य लागायचं.

आप्पा गेले. मी बदली मागून अणदूरच्या शाळेत आले आणि आईजवळ राहिले. दुकान बंद झालं, कातरणाची शेवटची दोन पोती तेवढी माळ्यावर राहिली. येळवस चालू राहिली. मलप्पाकाका काठी टेकत यायचे आणि तेच वाक्य बोलायचे. मग एका श्रावणात तेही गेले. त्या वर्षी त्यांच्या घरी सण झाला नाही, आम्हाला शेजाऱ्यांनी दारात येऊन त्यांच्या शेताकडं नेलं. त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट.

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. ऐकू कमी यायचं, नजर अधू झालेली. तरी कार्तिक लागताच तिनं माळ्यावरचं पोतं काढायला लावलं. सकाळच्या उन्हात खाटेवर बसून ती तुकडे जोडायची. सुया ओवून देणं माझं काम. शाळेत जाण्याआधी दहा सुया ओवून एका जुन्या उशीला टोचून ठेवायची, संध्याकाळी येईपर्यंत त्या संपलेल्या असायच्या. टाके वाकडेतिकडे जायचे. एकदा मी म्हटलं, “यंदा विकतची शाल नेऊ.” ती म्हणाली, “इकतची शाल त्यांच्याकडं न्हाय व्हय?” आणि शिवत राहिली.

आदल्या दिवशी फडकं पुरं झालं. तिनं न्हाऊन घेतलं, नवं लुगडं नेसली आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसली. कान देऊन, मान जरा तिरकी करून. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की विचारायची, “कोन हाय?” दिवस कलला. आणि माझ्या फोनवर गावाच्या ग्रुपमध्ये शिवाचा मेसेज आला. शिवा म्हणजे मलप्पाकाकांचा मुलगा. ‘वेळा अमावस्येनिमित्त सर्वांना सहकुटुंब शेतावर येण्याचं आग्रहाचं निमंत्रण.’ खाली जोडलेले हात आणि कणसाचं चित्र. ग्रुपात दोनशेच्यावर माणसं. त्या संध्याकाळी अशी आणखी सात-आठ निमंत्रणं त्याच ग्रुपवर आली, एकाची दुसऱ्यानं केलेली नक्कल.

मी आईला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “समद्याला लिवलंय व्हय?”

“व्हय.”

“मग आपल्याला न्हाय.”

तेव्हा एक फोन केला असता तर काम झालं असतं. ‘शिवा, आईला एवढं येऊन सांग रे,’ इतकंच. तो धावत आला असता, लहानपणी आईच्या मांडीवर खेळलेला पोरगा. फोन माझ्या हातातच होता. पण मला बघायचं होतं. तीस वर्षं मुलांच्या परीक्षा घेतल्या, ती खोड घरी येऊन सुटत नाही. म्हटलं, काका गेल्यावर यांना आमची किती आठवण राहते ते बघूच एकदा. फोन मी टेबलावर ठेवला. या सगळ्यात माझं चुकलं ते इथं, आणि ते मला तेव्हाही समजत होतं.

येळवसीच्या दिवशी अणदूर कसं दिसतं, हे अणदूरच्या माणसाला ठाऊक नसतं. कारण त्या दिवशी तो गावात नसतो. वर्तमानपत्रवाले दरसाल तेच छापतात, गावोगावी अघोषित संचारबंदी, आणि आम्ही शेतातून परतल्यावर ते वाचून हसायचो. त्या वर्षी मी ते पाहिलं. सकाळी नऊपर्यंत जीप, ट्रॅक्टर, बैलगाड्या, मोटारसायकली, पातेल्यांचे आवाज, पोरांची रडारड, आणि मग एकाएकी काही नाही. गावचा देवही दरसाल त्या दिवसांत नळदुर्गाच्या देवळात मुक्कामाला नेलेला असतो, त्यामुळं देवळाकडूनही काही आवाज नाही. दुकानांची शटरं खाली. स्टँडवर एसटी सवयीनं थांबली, कुणी चढलं नाही, उतरलं नाही, गेली. गल्लीतली कुत्री एका दारातून दुसऱ्या दारात जाऊन बसत होती. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज एरवी आमच्या घरापर्यंत येत नाही, त्या दिवशी येत होता.

आणि आम्ही दोघी आतून कडी लावून बसलो होतो. कुणी बघू नये म्हणून. बघायला गावात होतं कोण, हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

आई नेसून तयार होती. मांडीवर घडी केलेलं फडकं. दरसाल आम्ही अकराच्या सुमाराला रिक्षानं जायचो. अकरा वाजले, बारा वाजले.  मीच बोलत होते. काय काय बोलले ते आठवलं की अंगावर काटा येतो. “बघ, विसरले. काकांबरोबर संपलं सगळं. आता आपण कोण त्यांचे? शिंप्याची बायको आणि शिंप्याची पोरगी.” ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. एकदा तेवढं म्हणाली, “गौरा न्हाय इसरायची.” मी म्हटलं, “मग कुठाय गौरा?”

एकच्या सुमाराला फोन वाजला. शिवाचं नाव. मी बघत राहिले. मनात आलं, आता? पंगती उठल्यावर? राहिलं-साहिलं संपवायला? आवाज बंद केला. आई म्हणाली, “कुणाचा गं?” मी म्हटलं, “कंपनीचा. कर्ज घ्या म्हणतायत.” थोड्या वेळानं परत लागला. परत तसंच. मग लागला नाही.

दोन वाजता मी खिचडी टाकली. येळवसीला आमच्या घरात चूल पेटल्याची ती पहिली वेळ. आईनं दोन घास खाल्ले, हात धुतला आणि आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. फडकं उशाशी घेतलं.

दिवेलागणीच्या आधी महादेवी आली. शिवाची बायको. हातात चार पुडांचा डबा, केसांत कडब्याचा कचरा, पळत आल्यासारखी. म्हणाली, “बाई, आज्जी कशा हायत? आत्याबाई सकाळधरनं कोपीपशी बसून हायत. शकूबाईचं फडकं आल्याबिगर कोप झाकायची न्हाय म्हणल्या. ह्यांनी दोनदा फोन लावला, तुमी उचलला न्हाय. चार वाजता शेवटी स्वतःच्या अंगावरली शाल टाकली अन पूजा केली. अजून अन्नाला शिवल्या न्हाईत. शकूबाई आजारी हाय, बघून ये, तिचं पान देऊन ये, मग मी जेवते म्हणल्या.” डबा पुढं करत ती सांगत होती, “हे आज्जीचं पयलं पान, कुणी हात लावला न्हाय. काल हे म्हणत व्हते, बाईंना सांगून येऊ का. म्याच म्हणलं, घरच्या माणसाला कोण आवतण देतंय, त्या येत्यातच.”

मी डबा हातात घेतला. तो गरम होता.

“ताप आहे आईला,” मी म्हणाले.

“अन फडकं? आत्याबाईनं मागितलंय. उद्या तरी घालू म्हणल्या.”

फडकं आणायचं तर आत जायला हवं होतं. आईच्या उशापासून उचलायला हवं होतं. ती जागी झाली असती, विचारलं असतं, आणि मग सकाळपासून मी जे ओकत होते ते सगळं माझ्याच अंगावर आलं असतं. न उचललेला फोन, कंपनीचं नाव, सगळं. मी म्हटलं, “यंदा शिवलंच नाही. दिसत नाही तिला.”

महादेवी ‘अगंबाई’ म्हणाली, आत डोकावायला लागली, तर मी म्हटलं झोपलीय. सासू उपाशी आहे म्हणून ती थांबलीही नाही.

आई उठली तेव्हा डबा ओट्यावर होता. तिनं वासानंच ओळखलं. “कुणी आणला?”

“महादेवीनं.”

“आत का न्हाय आली?”

“घाईत होती.”

 आई म्हणाली, “उरलेलं असंल. ऱ्हाऊ दे. सकाळी गाईला घाल.”

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. उरलेलं नाही, तुझं पहिलं पान आहे, तुझ्यासाठी गौराकाकू उपाशी बसल्यात. हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी म्हटलं, उद्या सांगते, शांतपणे. सकाळी मी डबा दारातल्या गाईपुढं रिकामा केला. पुढं पौष लागला, शाळेत तपासणी, संक्रांत, आणि रोज उद्या. आई फारशी बोलेनाशी झाली. एकदा महादेवी बघायला येऊन गेली, तर आई तिच्याशी पाहुणीशी बोलावं तशी बोलली, चहा घ्या म्हणाली. आज्जी आपल्याशी ‘गं’ शिवाय बोललेली महादेवीला माहीत नव्हती. तिला वाटलं, आजारपण.

देव नळदुर्गाहून परत आला त्याच आठवड्यात आई गेली. फडकं तिच्या उशाशीच होतं, ते कुणाला दिसू न देता लुगड्याच्या आत घालून तिच्याबरोबर दिलं. गौराकाकू आल्या, पायाशी बसून खूप रडल्या, मला जवळ घेऊन म्हणाल्या, “तो तापच तिला घेऊन गेला बघ.” मी ‘हो’ म्हटलं.

माणूस जातं याचं दुःख मला माहीत आहे. आप्पांचं झालं, काकांचं झालं, ते कमी होत जातं. हे तसं नाही. माझी आई आपल्याला विसरलेत असं समजून गेली आणि तिला कुणीही विसरलं नव्हतं. हे तिच्या बाजूनं आता कधीच दुरुस्त होणार नाही. पहिल्या वर्षी आईचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून सण नव्हता, दुसऱ्या वर्षी मी निवडणुकीच्या कामाचं निमित्त काढलं. गौराकाकूंच्या समोर बसून त्यांच्या हातची भज्जी खायची माझी हिंमत नव्हती.

तर यंदा गेले. काल. त्याच चिंचेखाली पंगत, माणसं बदललेली, काही खुर्च्यांवर बसलेली. कोपीवर विकतची शाल होती, चकचकीत, कोपऱ्यावर दुकानाचं लेबल तसंच. गौराकाकूंनी मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. नैवेद्य झाला, महादेवी वाढायला आली, आणि काकूंनी तिला सांगितलं, “पयलं पान लतेचं.” माझ्या ताटात उंडे आले, खीर आली, भज्जी आली. काकूंच्या ताटात भज्जी नव्हती. मी विचारलं तर महादेवीच म्हणाली, “त्या भज्जी खात न्हाईत आता. आज्जी गेल्या तवापासनं. आमी लई सांगून बघितलं.”

 शेजारची पंगत उठली, पोरं पळाली, तेव्हा काकू माझ्याकडं सरकल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “लते, एक इचारू? लई दिवसांचं मनात हाय. इचारायला भ्या वाटायचं.”

“विचारा की.”

“त्या साली म्या डबा धाडला व्हता. तापात व्हती ती. खाल्ली व्हती का गं तिनं भज्जी?”

समोर हरभरा वाऱ्यानं हलत होता. तीन वर्षं जे सांगायचं होतं ते सगळं तोंडाशी आलं. फोन, फडकं, ती सकाळची गाय. सांगितलं असतं तर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं असतं आणि या ऐंशी वर्षांच्या बाईच्या छातीवर गेलं असतं. दोघी म्हाताऱ्यांना मीच उपाशी ठेवलं होतं, त्यातली एक अजून तशीच बसलेली होती.

“खाल्ली की,” मी म्हणाले. “सगळी. बोटं चाटून. गौराच्या हातची म्हणाली.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले.  मग महादेवीला हाक मारली, आपलं ताट पुढं सारलं आणि म्हणाल्या, “वाढ मला बी थोडी.”